क्लिकचा भाव आणि धुळ्याचा काटा

दिवाळीत जळगावला गेलो की फराळाबरोबर घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरविषयक तक्रारीही माझ्याच पानात वाढल्या जातात. कोणाचा प्रिंटर, कोणाचं वायफाय, मावशीच्या मोबाईलमधले हरवलेले फोटो. "तू इंजिनिअर ना?" असा प्रश्न आला की सुटका नाही. या वेळी मात्र मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, मोबाईल न देता एक वही पुढे केली.

दादाचं जळगावात ठिबकच्या सुट्या भागांचं आणि फवारणी पंपांचं दुकान आहे. गेल्या खरिपात त्याने पहिल्यांदाच इंटरनेटवर जाहिरात केली होती. शेतीच्या बातम्या आणि बाजारभाव देणाऱ्या मराठी साईट्सवर, बातमीच्या शेजारी दिसणारी. कोणी नुसती पाहिली तर पैसे नाहीत, कोणी बोट लावलं तरच पैसे. वहीतला हिशेब असा: खर्च ८,००० रुपये, क्लिक २,०००, म्हणजे एका क्लिकला ४ रुपये. त्यातून दुकानात आलेले फोन ४१. विकले गेलेले पंप ९. एका पंपामागे सुटतात साधारण ३०० रुपये.

"काय भो, हे फायद्यात का तोट्यात?" दादाने विचारलं.

मी तोंड उघडणार इतक्यात पलीकडे सुपारी कातरत बसलेल्या मामांनी विचारलं, "हे क्लिक मोजतं कोण?" मामा धुळ्याला एका अडत्याकडे तीसेक वर्षं दिवाणजी होते.

"जाहिरातवाली कंपनीच मोजते."

"अन् पैसे कोणाला द्यायचे?"

"कंपनीलाच."

"भाव कोण ठरवतं?"

"लिलाव होतो ना, मामा. आपोआप."

"तू पाहिला का लिलाव?"

दादा गप्प. मी पण गप्प. मामांनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून पुण्याला पोचेपर्यंत चालूच होता. मग दोन-तीन शनिवार-रविवार यात घातले. त्याचं फलित म्हणजे हा लेख.

आधी साधा हिशेब उरकून घेऊ. ९ पंप गुणिले ३०० म्हणजे २,७०० रुपये. खर्च ८,०००. तोटा ५,३००. उलटं मोजलं तर २,७०० भागिले २,००० म्हणजे १ रुपया ३५ पैसे. दादाला एका क्लिकचे यापेक्षा जास्त देणं परवडत नाही, आणि तो देत होता चार. हे गणित कुठल्याही धंद्याला लावता येतं: शंभर क्लिकांतून किती जण घेतात आणि एका विक्रीत किती सुटतं, यांचा गुणाकार करून शंभरने भागा. तुमच्या क्लिकचा परवडणारा भाव मिळाला.

पण हे झालं वहीतलं उत्तर. खरी मेख मामांच्या प्रश्नात आहे, आणि तिच्यासाठी जरा मागे जावं लागेल.

जाहिरातीचे पैसे कशाचे द्यायचे, हा प्रश्न छापखान्याइतकाच जुना आहे. १७८० साली कलकत्त्यात हिकीने जे वर्तमानपत्र काढलं, त्याच्या नावातच 'बेंगॉल गॅझेट ऑर कॅलकटा जनरल ॲडव्हर्टायझर' अशी जाहिरात होती. आपल्या खानदेशातही एकोणिसाव्या शतकात धुळ्याहून 'खानदेश वैभव' आणि जळगावहून 'प्रबोधचंद्रिका' अशी साप्ताहिकं निघत. त्या काळच्या मोफसल पत्रांना एक हुकमी जाहिरातदार असे: कोर्ट. जाहीर नोटिसा, लिलावाच्या नोटिसा, वारसाच्या नोटिसा. या जाहिरातदाराची गंमत अशी की नोटीस कोणी वाचली का, याची त्याला फिकीर नाही. छापली की कायद्याचं काम झालं. नवीन जमीन घेताना वकील आजही पेपरात जाहीर नोटीस द्यायला लावतात, त्यातला हेतू तोच. जागा भरली, पैसे दिले, प्रश्न मिटला.

दुकानदाराचं तसं नाही. त्याला माल खपवायचा असतो. पण तो पैसे देतो जागेचे: इतके इंच, इतके स्तंभ. जाहिरात किती जणांनी वाचली आणि वाचून किती जण आले, हे कळायला मार्ग नाही. धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानाची पाटी रंगवली काय किंवा जळगावच्या एसटी स्टँडसमोर भिंत रंगवली काय, पैसे लागतात ते भिंतीचे, भिंतीकडे पाहणाऱ्या डोळ्यांचे नव्हेत.

याला पहिला धक्का दिला पोस्टाने. १८७७ साली भारतात व्हीपी सुरू झाली. आता शहरातला व्यापारी वर्तमानपत्रात औषधाची, घड्याळाची, पुस्तकाची जाहिरात देई, "व्हीपीने मागवा" म्हणे, आणि एखाद्या खेडेगावातला गिऱ्हाईक पोस्टमनच्या हातात पैसे ठेवून पार्सल सोडवून घेई. पत्रं आली किती, पार्सलं गेली किती, परत आली किती, सगळं मोजता येऊ लागलं. अमेरिकेत तर कुपनं कापून पाठवायची पद्धत रुळली. कोणत्या पेपरातल्या कुपनाला किती पत्रं आली हे मोजून क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातवाल्याने १९२३ साली आख्खं पुस्तकच लिहिलं: जाहिरात हे शास्त्र आहे, मोजा आणि मग पैसे घाला. आज आपण ज्याला ए-बी टेस्टिंग म्हणून मिरवतो, ते हा माणूस कात्री आणि डिंकावर करत होता.

पण लक्षात घ्या, कुपनाची पत्रं मोजत होता तो व्यापारी स्वतः. पत्रं त्याच्याच टेबलावर येत होती. पेपरवाल्याने फक्त जागा विकली होती.

आता क्लिककडे येऊ. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या साईटवर एटी अँड टी कंपनीचा बॅनर झळकला. वेबवरच्या बॅनर जाहिरातींची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात. तेव्हाही पैसे जागेचे आणि मुदतीचेच होते. १९९६ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने याहूला सांगितलं की नुसत्या दिसण्याचे पैसे आम्ही देणार नाही, क्लिक झाला तर देऊ. साबण विकणाऱ्या कंपनीचा हा रोखठोकपणा तेव्हा जाहिरातवाल्यांना झोंबला होता. १९९८ मध्ये बिल ग्रॉसच्या 'गोटू' या सर्च इंजिनाने थेट लिलाव मांडला: जो क्लिकला जास्त देईल तो वर. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स काढलं ते आधी दिसण्याच्या भावावर. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी क्लिकचा लिलाव आणला. त्यात दोन सुधारणा होत्या. जास्त बोलीबरोबर जाहिरात लोकांना किती आवडते हेही बघायचं, आणि जिंकणाऱ्याने आपली बोली न देता खालच्याच्या हिशेबाने जेमतेम पुरेल तेवढीच रक्कम द्यायची.

इथपर्यंत सगळं सर्चमध्ये. कोणी 'फवारणी पंप' असं टाईप केलं की त्याला पंपाची जाहिरात. हा माणूस म्हणजे दाणाबाजारात येऊन "पंप आहे का?" असं विचारणारा. त्याला दुकान दाखवण्याचे चार रुपये गेले तर हरकत नाही.

२००३ साली चित्र बदललं. गूगलने ॲडसेन्स आणलं आणि त्याच वर्षी अप्लाइड सिमँटिक्स ही कंपनी विकत घेतली. आता पानावरचा मजकूर वाचून त्याला जुळणारी जाहिरात कोणाच्याही साईटवर लावता येऊ लागली. कापसावरच्या बोंडअळीची बातमी असेल तर शेजारी पंप. (या यादीत मराठीचा नंबर लागला तो थेट २०१८ मध्ये.) कल्पना झकास. फक्त माणूस बदलला. हा दाणाबाजारात आलेला गिऱ्हाईक नाही, हा स्टँडवर पेपर वाचत बसलेला प्रवासी आहे. त्याला पंप नको असेल असं नाही, पण आत्ता त्याला बातमी वाचायची आहे. कुतूहल म्हणून, कंटाळा म्हणून, किंवा मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर अंगठा चुकीच्या जागी पडला म्हणूनही तो क्लिक करतो. भाव मात्र दोघांचा एकच!

बाजाराला हा फरक कळायला वेळ लागला नाही. एप्रिल २००४ मध्ये गूगलने 'स्मार्ट प्रायसिंग' आणलं: ज्या साईटवरच्या क्लिकमधून विक्री कमी होते असं त्यांच्या आकड्यांना वाटेल, तिथला क्लिक स्वस्त. आणि २००५ च्या शेवटी जाहिरातदारांना सर्चसाठी एक बोली आणि साईट्ससाठी वेगळी बोली लावायची सोय मिळाली. ज्याने दुकान मांडलं त्यानेच दोन प्रती वेगळ्या केल्या म्हटल्यावर वेगळा पुरावा कशाला हवा?

साईटवाल्याचा यात काय वाटा? २०१० मध्ये गूगलने जाहीर केलं की साईटवरच्या जाहिरातीचे ६८ टक्के साईटवाल्याला मिळतात. म्हणजे सर्चमधल्या क्लिकमध्ये नसलेला एक तिसरा माणूस इथे आहे, आणि जास्त क्लिक होण्यात त्याचं पोट आहे, जास्त विक्री होण्यात नाही. मग कोणी मित्रांना क्लिक करायला सांगणार, कोणी माणसं लावणार, कोणी प्रोग्रॅम लिहिणार. खोट्या क्लिकांवरून जाहिरातदारांनी अमेरिकेत दावा लावला आणि २००६ मध्ये गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. कंपन्या खोटे क्लिक वगळतात हे खरं आहे, त्यासाठी माझ्यापेक्षा कितीतरी हुशार इंजिनिअर तिथे बसलेले आहेत. पण कोणता क्लिक खोटा हे ठरवणारेही तेच.

आता मामांच्या धुळ्याकडे वळू. कारण नेमकी हीच भानगड आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या गाडीवर झाली होती.

त्या काळातला कापूसवाला शेतकरी डोळ्यासमोर आणा. पहाटे निघून बैलगाडी बाजारात आणलेली. भाव ठरवणार अडत्या आणि व्यापाऱ्याचा दलाल. देशातल्या कितीतरी बाजारांत भाव ठरायचा तो रुमालाखाली, एकमेकांची बोटं दाबून. गाडीचा मालक शेजारी उभा असायचा आणि त्यालाच कळत नसे कोणी किती बोली लावली. सौदा बाजारात व्हायचा, तोल मात्र जिनात. तिथे गाडी रिकामी व्हायला लागली की "कापूस ओला आहे", "कवडी निघाली" म्हणून भाव पाडायचा. बैल जुंपून परत न्यायची सोय नाही, त्यामुळे शेतकरी मुकाट मान्य करायचा. वर कडता, हमाली, तोलाई, धर्मादाय. कोणाला किती, याचा फलक नाही. अडत्या म्हणायला शेतकऱ्याचा, पण त्याचा रोजचा संबंध व्यापाऱ्याशी. १९२८ साली शेतीवरच्या रॉयल कमिशनने आपल्या अहवालात बाजारातल्या अशाच गोष्टी नोंदवल्या: खोटी वजनंमापं, गुप्त बोली, मनमानी कपाती, दोन्हीकडचा दलाल.

यावर उपाय निघाला होता आपल्या शेजारी, वऱ्हाडात. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमाखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्याने १९२७ साली कापूस बाजार कायदा केला, आणि त्याखाली अगदी सुरुवातीला जे बाजार नियंत्रित झाले त्यांत धुळ्याचा कापूस बाजार होता. पुढे १९३९ मध्ये तो सगळ्या शेतमालाला लागू करणारा कायदा आला आणि राज्य झाल्यावर १९६३ चा, ज्याच्या बाजार समित्या आपण आज ओळखतो.

या कायद्यांनी नेमकं काय केलं? कापसाचा भाव वाढवला नाही. भाव लिव्हरपूल आणि मुंबई ठरवत होते, ते धुळ्याच्या हातात नव्हतं. केलं ते इतकंच: बोली उघड. तोलार परवान्याचा, व्यापाऱ्याचा नोकर नाही. काटे तपासायचे. कोणती कपात किती, ते ठरवून द्यायचं, बाकीच्या बंद. भांडण झालं तर निवाड्याला समिती, आणि समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. म्हणजे भाव ठरवणारा, तोलणारा आणि भांडण मिटवणारा ही तीन माणसं वेगळी केली.

सगळं गोडगोड झालं असं मी म्हणत नाही. मामांनी मला समितीतल्या राजकारणाच्या ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्या इथे लिहिल्या तर पुढच्या दिवाळीत फराळ बंद होईल :-) अडत कोणी द्यायची हे भांडणही २०१६ पर्यंत चालू होतं. तेव्हा सरकारने ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली, त्यावरून बाजार बंदही पडले. पण अडतीची एक गोष्ट बघा: ती विक्रीवर असते. माल विकला तर टक्केवारी, नाही विकला तर नाही. आपल्याकडचा व्यापारी पिढ्यानपिढ्या असाच विचार करत आला आहे. भिंत रंगवली तर दिसण्याचे पैसे, अडत्या लावला तर विकल्याचे. क्लिक या दोन्हींच्या मधोमध बसतो. भिंतीपेक्षा बरा वाटतो, कारण कोणीतरी निदान डोकावलं. पण अडतीसारखा दिसत असला तरी तो अडत नाही. डोकावलेल्याने घेतलं नाही तर तो तोटा सगळा आपला.

आणि काट्याचं काय? साईटवरच्या जाहिरातीत बोली लागते ती सेकंदाच्या काही भागात, आपल्याला न दिसता. लिलाव करणारा तोच, क्लिक तोलणारा तोच, खोटे क्लिक म्हणून कडता ठरवणाराही तोच, आणि कित्येकदा जाहिरातदार आणि साईटवाला अशा दोघांचा अडत्याही तोच. हे मी खवचटपणे म्हणत नाही. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनियातल्या संघराज्य न्यायालयाने निकाल दिला की साईटवाले जाहिराती लावायला जे सॉफ्टवेअर वापरतात त्या बाजारात आणि जाहिरातींच्या लिलावाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. जाहिरातदारांच्या बाजूच्या बाजाराबद्दलचा आरोप मात्र कोर्टाने मान्य केला नाही, आणि कंपनीने अपिलात जाणार असं सांगितलं. निकाल वाचताना मला राहून राहून जिनात उभी असलेली बैलगाडी दिसत होती.

मग सरकारी तोलार येईपर्यंत दादाने काय करायचं? स्वतःचा काटा घ्यायचा. ते जमतं, आणि ते सगळ्यात मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ते ईबेने.

ईबे सर्चमधल्या जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा घालत होती. अहवाल सांगायचे, जाहिरातीवर क्लिक करणारे भरपूर खरेदी करतात. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस या तीन अर्थशास्त्रज्ञांनी सरळ जाहिराती बंद करून पाहिल्या. आधी 'ईबे' हे नाव शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या. परिणाम? गेलेल्या क्लिकांपैकी ९९.५ टक्के फुकटच्या दुव्यावरून परत आले. लोक घरीच येत होते, कंपनी फक्त दारातल्या रिक्षावाल्याला पैसे देत होती. मग अमेरिकेतल्या काही भागांत बाकीच्या शब्दांवरच्या जाहिरातीही बंद केल्या, काही भागांत चालू ठेवल्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर काही फरक पडला नाही. नवीन आणि क्वचित येणाऱ्यांवर पडला, पण सगळा मिळून खर्च भरून निघण्याइतका नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने एका तिमाहीत १० कोटी डॉलरहून जास्त डिजिटल जाहिराती कापल्या आणि विक्रीवर परिणाम दिसला नाही असं सांगितलं. क्लिकचे पैसे देऊ म्हणणारी हीच ती साबणवाली कंपनी!

लक्षात घ्या, ईबेचा प्रयोग सर्चचा होता, म्हणजे दाणाबाजारात आलेल्या माणसाचा. स्टँडवरच्या पेपरवाल्याचा हिशेब त्याहून चांगला निघेल असं मला वाटत नाही. पण दुसरी बाजूही आहे: ईबे सगळ्यांना माहीत आहे, दादाचं दुकान साक्री तालुक्यात कोणाला माहीत नाही. त्या अभ्यासातही फायदा दिसला तो ओळख नसलेल्यांमध्येच. तेव्हा ईबेला नाही परवडलं म्हणून दादालाही नाही, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, वहीतले ते ९ गिऱ्हाईक दादाने एकेकाला फोन करून विचारले. ९ पैकी ४ जण आधीपासूनचे निघाले. एकाने तर सांगितलं, "दुकानाचा नंबर सापडत नव्हता, जाहिरात दिसली म्हणून त्यावरच दाबलं." म्हणजे आमचा रिक्षावाला. उरले ५, म्हणजे १,५०० रुपये. परवडणारा भाव १ रुपया ३५ पैशांवरून ७५ पैशांवर आला.

दुसरी, रब्बीत जाहिरात चार आठवडे पुन्हा लावली, पण गंमत अशी केली की पहिले दोन आठवडे फक्त जळगाव जिल्ह्यात चालू, धुळ्यात बंद. पुढचे दोन आठवडे उलट. पंप कुठल्या गावाला गेला ते दादा तसंही बिलावर लिहितो, त्यामुळे काटा आमचाच होता. निकाल? जाहिरात चालू असलेल्या जिल्ह्यात ३ पंप जास्त गेले. दादा खूश झाला. मी त्याला गेल्या वर्षीची बिलं काढायला लावली. जाहिरात नसतानाही दोन पंधरवड्यांत इतका फरक सहज पडत होता, एखादा पाऊस पडला किंवा कोणाच्या घरी लग्न निघालं तरी. इतक्या थोड्या विक्रीत जाहिरातीचा परिणाम दिसणं म्हणजे आठवडे बाजाराच्या गलक्यात घड्याळाची टिकटिक ऐकणं. लुईस आणि राव या अभ्यासकांनी २०१५ मध्येच दाखवलं आहे की लाखो डॉलरच्या मोहिमांतही परतावा नक्की किती हे सांगणं फार अवघड जातं. मग आपण कोण?

पण न दिसण्यातही एक उत्तर आहे. त्या ३ पंपांचं सगळं श्रेय जाहिरातीला दिलं तरी ९०० रुपये, आणि चार आठवड्यांचा खर्च ३,२०० होता. सगळ्यात उदार हिशेबातही भरत नाही म्हटल्यावर अचूक आकडा नसला तरी चालतं.

तर माझं मत असं. साईटवरच्या बातमीशेजारचा क्लिक विकत घेणं कोणाला परवडू शकतं? ज्याच्या एका विक्रीत हजारो रुपये सुटतात त्याला: फ्लॅट, कॉलेजचे प्रवेश, विमा. किंवा ज्याचं गिऱ्हाईक एकदा आलं की वर्षानुवर्षं येत राहतं त्याला. तीनशे रुपये सुटणाऱ्या पंपवाल्याला नाही. त्याच्यासाठी सर्चमधला थोडा, नेमक्या शब्दांचा क्लिक बरा, तोही आपल्या वहीत मोजून. गंमत म्हणजे साईटवाल्यांच्या बाजूने खुद्द गूगलनेच २०२४ च्या सुरुवातीला ॲडसेन्समध्ये क्लिकऐवजी दिसण्यावर पैसे द्यायला सुरुवात केली. म्हणजे फिरून गाडी भिंतीपाशी.

आणि भिंतीखेरीज आणखी एक जुना मार्ग जळगावातच आहे. भवरलाल जैन यांनी ठिबक खपवलं ते नुसतं सांगून नाही. जैन हिल्सवर शेतं उभी केली आणि शेतकऱ्यांना आणून दाखवली. माळरानावर पाणी थेंबाथेंबाने कसं जातं हे बघून गेलेला माणूस गावात जाऊन दहा जणांना सांगतो. दादाकडे टेकडी नाही, पण टेम्पो आहे. साईटवरच्या जाहिरातीचे पैसे त्याने आता आठवडे बाजाराच्या दिवशी टेम्पोच्या मागे पंप चालवून दाखवण्यात घातले आहेत. परवडतंय का? तो म्हणतो, "मोजतोय." एवढं एक वाक्य ऐकून मला जरा बरं वाटलं.

मामांना फोनवर सगळं सांगितलं. कारंजा, धुळे, व्हर्जिनियाचं कोर्ट, ईबे. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे त्या अमेरिकेच्या बाजारात अजून समिती नाही बसली."

"नाही, मामा."

"मग गाडी घेऊन कशाला जाता रे तिथे?"

बघा, तुम्हाला पटतंय का. तुमच्यापैकी कोणी धंद्यासाठी असे क्लिक घेत असेल तर आजच्या आज एक वही करा, आणि एका जिल्ह्यात जाहिरात बंद करून बघा. मोजलेला आकडा माझ्या मताविरुद्ध गेला तरी मला आनंदच होईल.